खरवडलेली रेषा

मी एक सूक्ष्मदर्शक आहे. जन्म अंबाल्याचा, सारं आयुष्य पुण्यात गेलं. लोखंडी पाय, पितळी नळी, खाली एक वाटोळा आरसा. खिडकीतला उजेड त्या आरशावर पडतो, माझ्या पोटातून वर चढतो आणि बघणाऱ्याच्या डोळ्यात जातो. माझं काम दाखवायचं, बोलायचं नव्हे. पण माझ्यादेखत जे घडलं, त्याचा धक्का इतक्या वर्षांनीही ओसरलेला नाही. म्हणून आज बोलतोय.

अंबाल्याहून पेंढ्यात गुंडाळून मला पुण्यात आणलं, ते शिवाजीनगरकडच्या एका लहानशा संशोधन संस्थेत. ती संस्था आता उरलेली नाही. तिथे माझे पहिले मालक होते डॉ. यज्ञेश्वर. सगळे त्यांना सर म्हणत. ते डायटमचे अभ्यासक. डायटम म्हणजे पाण्यातली एका पेशीची वनस्पती, अंगावर काचेचं कवच असलेली. टाचणीच्या माथ्यावर शेकडो मावतील. कुणी होडीच्या आकाराचा, कुणी चाकासारखा, आणि प्रत्येकाच्या कवचावर रेषांची नक्षी. त्या रेषा मोजायच्या आणि त्यांवरून जात ओळखायची, हे सरांचं काम.

सर कमी बोलत आणि बोलले की समोरच्याला लागे. मात्र एखादा डायटम दोन्ही बाजूंनी अगदी सारखा निघाला की माझ्या नळीवरचा डोळा न काढता ते पुटपुटत, "सुंदर." माणसांच्या बाबतीत त्यांनी तो शब्द वापरलेला मी ऐकला नाही.

फोटो काढायचं यंत्र होतं, पण फोटोत अर्धी नक्षी धूसर येई. त्यामुळे चित्रं हातानंच काढावी लागत. १९७१ साली संस्थेचे चित्रकार निवृत्त झाले आणि सरांचं काम अडलं. त्याच आठवड्यात फाटकावरची पाटी नव्यानं रंगवायला एक माणूस आला. स्वारगेटजवळ त्याचं पाट्या रंगवायचं दुकान होतं. वय अठ्ठावीस, नाव मकबूल.

सर पाटीसमोर बराच वेळ उभे राहिले. मग त्याला आत घेऊन आले.

"पाटीत शुद्धलेखनाची एकही चूक नाही," सर म्हणाले. "पुण्यात हे प्रथमच घडतंय. अक्षराच्या कडेला केसाएवढी पांढरी रेघ ओढलीत, ती पट्टी लावून?"

"नाही सर, हातानं."

"बसा. यातून बघा."

मकबूल माझ्यावर वाकला. सरांनी चहा मागवला, तो आला, त्यावर साय धरली, तरी तो वर उठेना. शेवटी मान उचलली तेव्हा त्याचा चेहरा उतरलेला होता. सरांना वाटलं, त्याला घेरी आली.

"सर, हे कुणी कोरलंय?"

"कुणी नाही. आपोआप होतं."

मकबूल स्टुलावर बसून राहिला. "दहा वर्षं मी असलंच काहीतरी पाटीवर काढायला बघतोय," तो हळूच म्हणाला. "आणि हे गटारात आपोआप होतं."

"गटारात नाही, ओढ्यात. सोमवारपासून या."

तीन वर्षं तो आला. सकाळी दुकान, दुपारी संस्था. हातात चिनी शाईचा टाक, समोर जाड कागद, आणि डावा डोळा माझ्या नळीला. मला अनेकांनी वापरलं होतं, पण असं कुणी वापरलं नव्हतं. सर माझा आरसा सरळ ठेवत, म्हणजे उजेड बरोबर मधून येई. मकबूल तो जरासा तिरका करायचा. एकदा सरांनी कारण विचारलं.

"भिंतीवर पाटी रंगवण्याआधी आम्ही ऊन कलायची वाट बघतो, सर. समोरून उजेड असला की भिंत सपाट वाटते. तिरका पडला की तिचे खड्डे दिसतात."

सरांनी ते ऐकून घेतलं आणि आरसा पुन्हा सरळ केला. "कलाकाराला जे आवडतं ते तो काढतो," ते म्हणाले. "इथे जे असेल ते काढायचं. एवढं लक्षात ठेवा."

"लक्षात आहे, सर," मकबूल म्हणाला. ते वाक्य त्याला इतकं पटलं होतं, की घरी गेल्यावर त्यानं बायकोला, रशीदाला, ते जसंच्या तसं सांगितलं. हे मला फार नंतर कळलं.

१९७४ च्या हिवाळ्यात सरांना सिंहगडावरच्या एका टाक्याच्या पाण्यात होडीसारखा एक डायटम सापडला. तो आजवर कुणी नोंदवलेला नव्हता. नवी जात. सर त्या दिवशी तीनदा "सुंदर" म्हणाले. चित्र मकबूलनं काढलं. सोळा दिवस लागले. चित्र आणि निबंध परदेशातल्या एका मासिकाकडे गेले.

अंक आला तो दुपारी. सरांनी स्वतः पाकीट फोडलं आणि मकबूलच्या हातात दिलं. सर हे कुणासाठी करत नसत. चित्राखाली बारीक टाइपात छापलं होतं, चित्रकार: मकबूल, पुणे. त्यानं खिशातून रुमाल काढून बोटं पुसली, मग पान उघडलं.

तो बघतच राहिला. मला वाटलं, आनंदानं. पण त्यानं अंक माझ्या शेजारी टेबलावर उघडाच ठेवला आणि चित्रावर बोट टेकवलं.

"सर, हे चित्र माझं नाही."

"नाव तर तुमचंच आहे."

"म्हणूनच म्हणतोय. डावीकडे मधोमध एक रेषा तिरकी होती. ती इथे सरळ आहे."

"ती मी सरळ केली," सर म्हणाले. आवाजात जराही ओशाळेपणा नव्हता. "ब्लेडनं खरवडली आणि वर शाई फिरवली. तुमचा हात ढळला असणार. सोळा दिवस काम केलंत, एखादी रेषा जायचीच."

"हात ढळला नव्हता. ती तशीच आहे. मी अकरा डायटम पाहिले, सर. अकरांतही तशीच आहे."

"मकबूल, ऐंशी रेषा समांतर आणि एकच वाकडी? निसर्ग असला गबाळेपणा करत नाही. पाटीवर वेलबुट्टी चालते. शास्त्रात नाही चालत."

मकबूल उभा राहिला. त्यानं आवाज चढवला नाही.

"वेलबुट्टी मी काढली नाही, सर. तुम्ही काढलीत." मग त्यानं माझा आरसा जरा तिरका केला आणि बाजूला सरकला. त्या डायटमची काचपट्टी माझ्यावर होतीच. "एकदा बघा. मग मी काही बोलणार नाही."

सरांनी माझ्याकडे पाहिलं. दोन पावलांचं अंतर होतं. वाकायचं आणि एक डोळा मिटायचा, एवढंच होतं.

"मी वीस वर्षं बघतोय," सर म्हणाले, आणि अंक उचलून आपल्या खोलीत गेले.

मी सुन्न झालो. ज्या माणसानं आयुष्यात बघण्यावाचून दुसरं काही केलं नाही, त्यानं बघायचं नाकारलं होतं. आज वाटतं, अंक छापून झाला होता, जगभर गेला होता. त्यांना बहुधा भीती वाटली असावी. मकबूललाही तेवढाच धक्का बसला असणार. तो समजत होता, की सुंदर दिसावं म्हणून खोटं काढणारे लोक बाजारात असतात, प्रयोगशाळेत नसतात. त्यानं टाक पुसला, शाईची बाटली खिशात घातली आणि निघून गेला. पुन्हा आला नाही.

वर्षं गेली. सर निवृत्त झाले. संस्थेत नवी यंत्रं आली, तेव्हा मला अडगळीत टाकणार होते; सरांनी मला पर्वतीच्या पायथ्याशी आपल्या फ्लॅटमध्ये आणलं. तिथे कपाटावर मी धूळ खात होतो. १९९३ सालच्या एका सकाळी त्यांची शेवटची विद्यार्थिनी नीरजा आली. ती आता स्वतः डायटमवर काम करत होती आणि तिच्या प्रयोगशाळेत इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शक होता, माझ्यापेक्षा शेकडो पटींनी तीक्ष्ण. तिनं सरांपुढे एक फोटो ठेवला.

"सर, तुमचा सिंहगडचा डायटम. चाळीस पेशी पाहिल्या. डावीकडची ही रेषा सगळ्यांत तिरकी आहे. हीच त्या जातीची खूण आहे. तुमच्या निबंधात ती सरळ छापली गेलीय." मग सरांना वाईट वाटू नये म्हणून ती म्हणाली, "चित्रकारानं घोळ केला, सर. सुबक दिसावं म्हणून सरळ ओढली असेल. कलाकारांना मोह आवरत नाही."

सरांनी चष्मा काढला.

"त्यानं तिरकीच काढली होती," सर म्हणाले. "मी खरवडली."

सर उठले, कपाटावरून मला उतरवलं, धोतराच्या सोग्यानं माझी भिंगं पुसली, खिडकीत ठेवलं. डब्यातून ती जुनी काचपट्टी काढली. आरसा तिरका केला. आणि एकोणीस वर्षांनी ते वाकले.

त्यांचा श्वास माझ्या नळीवर लागत होता. बराच वेळ गेला.

"यातूनही दिसतंय," ते म्हणाले. "नीरजा, तुझं नवं यंत्र लागलंच नसतं. यातूनही दिसत होतं."

दुसऱ्याच दिवशी नीरजाला आणि मला बरोबर घेऊन ते मकबूलला शोधायला निघाले. स्वारगेटचं दुकान केव्हाच गेलं होतं, पण मार्केट यार्डातल्या गाळ्यांच्या पाट्यांवर ती केसाएवढी पांढरी रेघ सरांनी ओळखली. एका व्यापाऱ्यानं पत्ता दिला. तिथून रिक्षा केली. सरांच्या मांडीवर मी, शेजारी नीरजा, आणि आम्ही हडपसरला एका दोन खोल्यांच्या घरासमोर उतरलो.

दार रशीदानं उघडलं. सरांनी नाव सांगितलं तशी ती क्षणभर दारातच थांबली.

"या," ती म्हणाली. "एकोणीस वर्षांत यांनी दोनच माणसांचं नाव घरात काढू दिलं नाही. एक यांचा भाऊ, आणि एक आपण."

मकबूल पन्नाशीचा झाला होता, केस पांढरे. सर बसले नाहीत. उभ्यानंच म्हणाले, "मकबूल, तुमची रेषा बरोबर होती. मी बघितलं नाही. तुमच्या नावावर खोटं चित्र छापलं आणि काल ही मुलगी त्याचा दोष तुम्हाला देत होती. दुरुस्ती छापायची आहे. चित्र तुम्ही काढायचं. आणि नाव चित्राखाली नाही, निबंधावर. माझ्या आधी."

सर असं कुणाशी बोलतील, यावर माझा विश्वास बसेना. नीरजा मान खाली घालून उभी होती. मकबूलनं सरांना हाताला धरून खाटेवर बसवलं. त्याचे डोळे भरले होते. पण त्यानं हो म्हटलं नाही.

"सर, मलाही एक सांगायचंय. माझ्या पहिल्या महिन्यातला तो चाकासारखा डायटम आठवतो? इथल्याच, हडपसरच्या ओढ्यातला?"

"न आठवायला काय झालं? तुमचं सर्वांत चांगलं चित्र ते. बी.एस्सी.च्या पुस्तकात आहे."

"मी परीक्षेत काढलंय ते," नीरजा म्हणाली.

"त्या चाकाला सोळा आरे आहेत चित्रात. त्यातला एक आरा अर्ध्यातच थांबला होता. मी पुरा केला." मकबूल माझ्याकडे बघत बोलत होता. "नवा होतो. तुम्ही सारखं सुंदर सुंदर म्हणायचा. वाटलं, तुम्हाला आवडेल. दुसऱ्या दिवशी सांगणार होतो, पण तुम्ही ते चित्र सगळ्यांना दाखवत फिरलात. नंतर कधी धीर झाला नाही. त्या दिवशी तुम्हाला वेलबुट्टी म्हणालो ना, ते मी कुणाला म्हणत होतो ते मला ठाऊक होतं."

रशीदा चहाचा ट्रे घेऊन दारात थिजली होती. त्यानं ते चाक काढलं त्या दुपारी मी तिथेच होतो, त्याचा डोळा माझ्यावर होता, मी त्याला अर्धाच आरा दाखवला होता; आणि टाक कागदावर कुठे जातो हे मला कधी दिसलंच नव्हतं. तीन वर्षं मी ज्याच्यावर सर्वांत जास्त विश्वास टाकला, त्यानंही.

सर त्याच्याकडे वळले. मला वाटलं, आता एखादा बोचरा शब्द येणार.

"म्हणजे तुमचं खोटं मी पुस्तकात घातलं, आणि तुमचं खरं ब्लेडनं काढलं," सर म्हणाले. "माझी नजर मोठी अचूक म्हणायची."

"त्याचा फोटो काढू या की," नीरजा घाईनं म्हणाली. "काचपट्टी कुठे आहे?"

"फुटली. संस्था हलवताना," सर म्हणाले.

"मग ओढ्याचं पाणी आणू."

मकबूलनं खिडकीकडे बोट केलं. "ओढा त्या कारखान्याच्या शेडखाली आहे. बुजवून बारा वर्षं झाली."

"मी आठवणीतून काढून देतो," मग तो म्हणाला. "कुठला आरा, किती लांब, सगळं डोळ्यांसमोर आहे."

नीरजानं सरांकडे पाहिलं. सरांनी मान हलवली. "मला तुमच्या आठवणीवर विश्वास आहे, मकबूल. पण छापता येणार नाही. बघून काढायला हवं. हा नियम मी एकदा मोडलाय."

सिंहगडच्या डायटमची दुरुस्ती पुढच्या वर्षी छापली गेली. पहिलं नाव मकबूलचं. रशीदानं तो अंक प्लास्टिकच्या पिशवीत घालून ट्रंकेत ठेवला आहे. सर त्यानंतर सहा वर्षं होते. दर गुरुवारी हडपसरला यायचे, आणि दोघं माझ्यावर आळीपाळीनं वाकायचे. जाताना त्यांनी मला इथेच ठेवायला सांगितलं.

मकबूल आता ऐंशीला टेकलाय. उजव्या डोळ्यानं दिसत नाही, डाव्यानं अजून दिसतं. नीरजाही निवृत्त झाली. तरी महिन्यातून एकदा ती आसपासच्या विहिरींतून, डबक्यांतून बाटल्या भरून आणते. तो चाकासारखा डायटम अजून सापडलेला नाही. पुस्तकात मात्र तो आहे, सोळा पुऱ्या आऱ्यांचा, आणि दरवर्षी मुलं तो वहीत उतरवून गुण मिळवतात.

म्हणून वाचकहो, एक मागणं आहे. हडपसरच्या बाजूला कुठे एखादी जुनी विहीर, एखादा बुजायचा राहिलेला ओढ्याचा तुकडा तुमच्या पाहण्यात असेल, तर बाटलीभर पाणी घेऊन या. जरा लवकर या. पाणी हिरवं असेल, गढूळ असेल, वास येत असेल, तरी गाळू नका. तो असलाच, तर तळच्या गाळात असेल.