उपाशी माणसाचा श्वास

खाणीच्या तोंडाशी दरड कोसळली आणि माझा दादा आत अडकला. ढिगाऱ्यातून आत सरकवलेल्या बारीक नळीने तिथली हवा ओढायची आणि माझ्या यंत्रात तपासायची, एवढंच माझ्या हाती होतं.

यंत्रात दोन आरसे समोरासमोर, मध्ये लेझरचा किरण. तो हजारो वेळा ये-जा करतो आणि वाटेत वायू त्याला कुरतडतो. प्रकाश किती लवकर विझला, त्यावरून वायू किती ते कळतं. आमचं यंत्र पराचा कावळा करत नाही, पण परही सोडत नाही. मी शोधत होतो ॲसिटोन. माणूस उपाशी राहिला की त्याच्या श्वासात तो वाढतो.

सकाळी पडद्यावरची रेघ वर चढली. खोदकाम बंद करायला निघालेले खाणप्रमुख परत फिरले. वहिनी माझ्या पाया पडायला लागल्या, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

दुपारी पंपाचा दाब उतरताना दिसला. म्हणजे नळीचा जोड गळत होता आणि यंत्र तंबूतली हवाही ओढत होतं. तंबूत कोण, तर मी. दरड कोसळल्यापासून अन्नाला न शिवलेला. दुसऱ्यांच्या चुका काढताना नाकाने कांदे सोलणारा मी शहाणा! सकाळची रेघ माझ्याच श्वासाची असू शकत होती.

जोड उघडत बसायला वेळ नव्हता. साधा उपाय होता, मी बाहेर जायचं. वहिनींना खुर्चीत बसवलं.

"रेघ पडली तर हाक मारा. नाही पडली, तर तो श्वास दादाचाच."

बाहेर मी बराच वेळ उभा राहिलो. देव न मानणारा मी, हात जोडून. हाक आली नाही. शेवटी राहवेना, आत डोकावलो. रेघ होती तिथेच, उलट जरा वरच. मला रडूच फुटलं.

मग कोपऱ्यातला डबा दिसला. झाकण तसंच लावलेलं.

"वहिनी, तुम्ही जेवलात ना?"

"हे आत उपाशी असताना माझ्या घशाखाली घास उतरेल का, भाऊजी?"

तेवढ्यात खाणप्रमुख तोंड पुसत आत आले. ते नुकतेच जेवून उठले होते.

"काय म्हणतंय यंत्र?"

"साहेब, तुम्ही जरा इथे बसा," मी म्हणालो. "आम्ही दोघं बाहेर थांबतो."

वहिनींनी माझ्याकडे पाहिलं, मग डब्याकडे. त्यांना सगळं कळलं. त्यांनी खुर्चीचे दोन्ही हात घट्ट धरले.

"मी नाही उठणार," त्या म्हणाल्या.