लेकराच्या हाताला काम

“मोबाइल! मला मोबाइल पाहिजे!” मितूनं फरशीवर लोळण घेतली आणि पाय असे काही आपटले की शेजारची चतुराबाई साबणाचे हात तसेच घेऊन दारात आली.

“कावून वं मनकर्णा, नातीले मारून राहिली का काय?”

“मारते कायले? मायबाप आत्ताच गेले तिचे अकोल्याले. मोबाइल ठिवू देल्ला नाई मी, म्हनून हे नाटक.”

मनकर्णानं नातीला उचललं नाही, समजावलं नाही, की गोळीबिस्किटाचं आमिष दाखवलं नाही. तिनं परातीत तांब्याभर पाणी ओतलं, त्यात चहाची गाळणी आणि दोन वाट्या टाकल्या आणि परात मितूपासून हातभर लांब ठेवून दिली. मग स्वतः स्वयंपाकघराच्या दाराआड जाऊन बसली. रडणं चाललं थोडा वेळ. मग नुसते हुंदके राहिले. मग गाळणीतून पाणी पडल्याचा आवाज आला.

“चेटूकच करते बाप्पा तू,” चतुराबाई म्हणाली.

कसलं आलंय चेटूक! अंगणवाडीत मदतनीस म्हणून उभा जन्म गेला होता मनकर्णाचा. एक खोली, खोलीभर पोरं आणि कोपऱ्यात रटरटणारी खिचडी. कडेवर घेऊन घेऊन किती जणांना घेणार? एकानं भोकाड पसरलं की सगळी खोली सूर धरायची. तेव्हा तिनं आपल्यापुरता एक कायदा करून टाकला होता. लेकराच्या हाताला काम द्यायचं आणि आपण नजरेआड व्हायचं. समोर बसलं की लेकरू काम सोडून माणसालाच चिकटतं. हा कायदा तिच्या अंगात इतका मुरला होता, की स्वतःच्या शेखरलाही तिनं असंच वाढवलं. तो शिकला, पुण्याला गेला आणि तिथलाच झाला.

नोकरी संपली आणि पाठोपाठ नवराही गेला. अमरावतीच्या फ्रेजरपुऱ्यातल्या त्या दोन खोल्यांत उरले कोण, तर ती आणि टीव्ही. रविवारी शेखरचा फोन यायचा. “जेवलीस का?” “जेवली.” “बरी आहेस ना?” “मले काय धाड भरली?” एवढ्यावर आठवडा काढायचा. कधी कधी संध्याकाळी तिच्या लक्षात यायचं की आज आपण सकाळपासून कुणाशी एक शब्द बोललेलो नाही, आणि मग ती उगीचच मीठ मागायला चतुराबाईकडे जायची. घरात मीठ असायचं.

म्हणून तर या आठवड्याचं एवढं महत्त्व. सुनेच्या, प्रतीक्षाच्या आईच्या गुडघ्याचं ऑपरेशन होतं अकोल्याला. सून स्वभावानं सरळ, ओठात एक पोटात एक असं तिचं नव्हतं. निघताना तिनं स्पष्ट सांगितलं होतं, “आई, पाळणाघरात ही दिवसभर रडते, नाहीतर मोबाइल बघते. तुमच्याकडे बिनमोबाइलची राहिली ना, तर तुम्ही पुण्यालाच चला. शाळेत जाईपर्यंत तुम्हीच सांभाळा.”

मनकर्णानं त्याच दुपारी ठेवणीतली पातळं काढून त्यांना ऊन दाखवलं. कुणाला सांगायचं नाही असं ठरवलं होतं. चतुराबाईला सांगितलं. ते न सांगण्यातच जमा.

मितूचे दिवस मजेत जाऊ लागले. सकाळी कणकेचा गोळा मिळायचा. त्याचा साप व्हायचा, सापाची पोळी व्हायची, पोळीला पुन्हा शेपूट फुटायचं. मग घरातल्या सगळ्या डब्यांची झाकणं एका ढिगात आणि कुठलं कुणाचं ते हिनं शोधायचं. अंगणात कमरेएवढ्या उंचीवर दोरी बांधून दिली होती. तिथं बाईसाहेब रुमाल धुऊन वाळत घालायच्या, चिमटे लावायच्या आणि वाळायच्या आत पुन्हा धुवायला काढायच्या. पण खरी गंमत दुपारची. रंगाचा जुना ब्रश आणि मगभर पाणी घेऊन सावलीतल्या ओट्यावर हत्ती काढायचा. अमरावतीचं ऊन ते, पायापर्यंत यावं तोवर सोंड वाळून गेलेली!

“आजी, हत्ती पळाला!”

“मंग धरून आन त्याले,” मनकर्णा दाराआडून म्हणायची आणि फटीतून बघत बसायची. कधी कधी तिला वाटायचं, जावं, पोरीला पोटाशी घ्यावं, तिच्यासोबत आपणही एक हत्ती काढावा. पण खेळ चांगला रंगलेला असायचा. खेळणाऱ्या लेकराला उठवायचं नाही, हेही तिच्या कायद्यातच होतं. जीव तळमळायचा आणि ती तिथंच बसून राहायची.

चतुराबाईला हे पटेना. “येडी हायेस तू! अंगाले लावून घे पोरीले. जातानी तुह्यासाठी रडली पायजे थे. रडली तरच नेतीन तुले.”

“लेकरू रडवून आपलं काम साधाचं का? आपल्याच्यानं नाई होत थे.”

“मंग बस इथंच भिंतीकडे पाहत!”

चतुराबाई फणकाऱ्यानं निघून गेली. मनकर्णाला राग आला नाही. भीती वाटली.

शेखर आणि प्रतीक्षा परत आले तेव्हा मितू ओट्यावर बसून एकटीच हत्तीशी बोलत होती. आईबापाला बघून तिनं “हळू, ओलं आहे!” एवढं बजावलं आणि पुन्हा ब्रश बुडवला. प्रतीक्षा बघतच राहिली. चहा झाला तरी पोर आत आली नाही. सुनेच्या डोळ्यांत पाणी आलं.

“आई, काय जादू केलीत हो! मोबाइलचं नावसुद्धा नाही.”

मनकर्णा पदर सावरून बसली. आता म्हणेल. आता म्हणेल, चला.

“शेखर, ऐक ना,” प्रतीक्षा म्हणाली, “ही अशी एकटी रमत असेल, तर मी घरूनच काम मागून घेते. पाळणाघर नको, काही नको. आईंना तरी कशाला त्या आपल्या फ्लॅटमध्ये कोंडायचं? इथं त्यांची माणसं आहेत, शेजार आहे.”

“खरंय. आईला करमायचंही नाही तिथं,” शेखर म्हणाला. किती समजून उमजून बोलला पोरगा!

“हो न,” मनकर्णा म्हणाली. “मले कायचं करमते तिथी.”

असं वाटलं, की ओरडून सांगावं, अरे, इथं तरी कुठं करमतंय मला! पण ती चहाच्या कपबश्या गोळा करू लागली. सुनेनं कणकेचं, झाकणांचं, दोरीचं सगळं विचारून घेतलं आणि सासूनंही सगळं नीट समजावून सांगितलं, काही हातचं राखलं नाही. वरून बजावलं, “फक्त तिच्यासमोर बसत नोको जाऊ माय, चिकटते मंग.”

दुसऱ्या दिवशी सकाळी गाडी दाराशी लागली. मितू आनंदानं चढली, सरकली आणि शेजारच्या जागेवर थाप मारून म्हणाली, “आजी, तू इथं.”

“आजी नंतर येईल हं,” शेखर म्हणाला.

आणि पोरीनं टाहो फोडला. मनकर्णाचा पदर दोन्ही मुठींत धरला, मान हलवून हलवून रडली. “आजी पाहिजे! मला आजी पाहिजे!” शेखरचा हात गाडीच्या दारावर तसाच राहिला. त्यानं बायकोकडे पाहिलं. प्रतीक्षा कासावीस झाली. “आई, ही फारच... मग असं करू या का, तुम्ही...”

समोरून चतुराबाई डोळ्यांनी खुणावत होती, थांब, रडू दे. आणखी घडीभर रडू दिलं असतं तर काम झालंच होतं.

पण लेकरू पुढ्यात रडतंय आणि मनकर्णा हात बांधून उभी आहे, असं आजवर कधी झालं नव्हतं. तिचा हात कमरेला गेला. तिनं किल्ल्यांचा जुडगा सोडला आणि मितूच्या ओंजळीत टाकला.

“पाह्य, ही कपाटाची. ही पेटीची. आन् ही लहानी कायची असंन?”

मितूनं नाक ओढलं. “कायची?”

“तूच शोध.”

मुठी सुटल्या, पदर सुटला. किल्ल्या एकेक करून सरकू लागल्या. मनकर्णानं शेखरला मानेनं खुणावलं, निघ आता, आणि पोरीला दिसू नये म्हणून स्वतः गाडीच्या मागे जाऊन उभी राहिली. प्रतीक्षाचं वाक्य अर्धंच राहिलं. गाडी गेली.

चतुराबाई धावत आली. तिचे डोळे भरले होते, पण तोंडाचा पट्टा चालूच. “अवं, घराच्या किल्ल्या गेल्या न त्याच्यात! फोन लाव शेखरले, बडनेऱ्यापर्यंतबी नसतीन गेले.”

“राहू दे,” मनकर्णा म्हणाली. “कुलूप लावून मले कुठी जाचं हाये?”

ती आत गेली आणि दार तिनं नुसतंच लोटून घेतलं.