एका दुपारचं वैधव्य

१८८७ सालच्या ऑक्टोबरात, हेरिंग मासळीला गेलेल्या होड्या अजून परतायच्या होत्या तेव्हा, रुलोफ नावाच्या चित्रकाराने ट्रिनच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर चढून भिंतीवरच्या घड्याळाचा लंबक दोन बोटांनी धरला. टिकटिक थांबली. खिडकीशी बसलेली ट्रिन अर्धी उठली.

"बसा, बसा. जागा सोडू नका."

"घड्याळ कशाला बंद केलंत?"

"चित्रात थांबलेलं दिसायला हवं."

"चित्रात काटे हलतात होय?"

रुलोफ हसला. तो दोन उन्हाळे हॉलंडच्या किनाऱ्यावरच्या या एग्मंड गावात राहिला होता आणि गावच्या बायकांच्या जिभेची त्याला सवय झाली होती.

"हलत नाहीत. पण लंबक असा मधोमध लोंबताना दिसला, की अॅमस्टरडॅमच्या माणसाला न विचारता कळतं, या घरातलं माणूस गेलं. चित्र वाचता आलं पाहिजे, बाई. ही विझलेली मेणबत्ती म्हणजे संपलेलं आयुष्य. हे लाकडी जोडे दाराकडे पाठ करून ठेवले, म्हणजे घालणारा आता बाहेर जाणार नाही. कळलं?"

"जोडे आम्ही असेच काढतो. आत आल्यावर."

त्याने ते ऐकलं नाही. तो भिंतीवरच्या आरशापुढे उभा होता. मग त्याने पिशवीतून काळं कापड काढून आरशावर टाकलं.

"ते नको," ट्रिन म्हणाली. "माणूस समुद्रावर आहे माझा."

"थोडा वेळ तर ठेवायचं आहे."

तिने आणखी विरोध करायला हवा होता. पण सासूच्या पेटीतली काळी शाल तिने सकाळीच, न विचारता, काढून घेतली होती. ती अंगावर घेतल्यावर आरशाचं काय मोठंसं. आणि खरं सांगायचं तर दुपारच्या वेळी हात मांडीवर ठेवून नुसतं बसायला तिला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. सासू, मार्ता, इतर बायकांबरोबर वाळूच्या टेकड्यांवर जाळी दुरुस्त करायला गेली होती. घरात टर्फच्या, म्हणजे दलदलीतल्या वाळवलेल्या मातीच्या, शेगडीचा ऊबदार वास होता.

रुलोफ कोपऱ्यात, भिंतीतल्या पलंगाच्या दारांआड, चित्राची घोडी मांडून रंगवू लागला. थोड्या वेळाने त्याने ब्रश खाली ठेवला.

"चेहरा जमत नाही. तुम्ही कान देऊन बसल्यासारख्या दिसता. कुणी येईल म्हणून. खांदे बघा, किती वर आलेत. तो येणार नाही, असं धरून बसा."

"असं कसं धरू?"

"धरा हो. क्षणभर."

ट्रिनने डोळे खाली केले. तेवढ्यात खिडकीबाहेरून कुणी तरी गेलं, दोन पावलं मागे आलं, आणि काचेवर एक तळहात आपटला. तो शेजारणीचा, नेलचा होता. नेलने लंबक पाहिला, काळं कापड पाहिलं, शाल पाहिली. कोपऱ्यातला चित्रकार तिला खिडकीतून दिसण्यासारखा नव्हता. तिची किंकाळी गल्लीभर गेली.

आमच्या गावात ही चिन्हं कुणी शोभेला मांडत नाही. ती फक्त घरातलं माणूस गेल्यावर मांडली जातात, आणि ती बघितल्यावर कुणी दारात उभं राहून प्रश्न विचारत नाही.

नेल आत आली ती रडतच. तिच्यामागे तिघी-चौघी.

"ट्रिन! अगं माझी बाई! कधी कळलं? आणि एकटीच बसलीस ग?"

तिने ट्रिनला उराशी ओढलं. नेलच्या अंगाला मीठ आणि डांबराचा वास येत होता. चित्र आहे, नुसतं चित्र आहे, एवढेच शब्द ट्रिनच्या तोंडाशी आले होते. ते बाहेर पडले नाहीत. तिने कपाळ नेलच्या खांद्यावर टेकवलं. मग तिचे खांदे हळूहळू खाली आले. लग्नानंतर ते असे कधी खाली आले होते, हे तिला आठवेना. कुणी तरी तिच्या पाठीवरून हात फिरवत होतं. तिने डोळे मिटले आणि दीर्घ श्वास घेतला.

कोपऱ्यात रुलोफ उभा होता. त्यालाही बोलता आलं असतं. त्याने ब्रश उचलला.

किती वेळ गेला कोण जाणे. दार पुन्हा उघडलं आणि कॉर आत आला. गावातल्या मरणाची बातमी दारोदार जाऊन सांगणं हे कॉरचं काम. त्याच्या बापाचंही तेच होतं. घाईत त्याने काळ्या कोटाची बटणं चुकीच्या काजांत घातली होती आणि तो संतापलेला होता.

"बातमी आणली कुणी? होडी नाही, पाद्री नाही, मला पत्ता नाही! गावात माझ्याआधी मरण कुणाला कळतं, ते मला बघायचंय!"

आणि बघताबघता त्याची नजर घोडीवर गेली.

"हा इथे काय करतोय?"

सगळ्या बायका वळल्या. ट्रिन नेलपासून बाजूला झाली.

"चित्र आहे," ती म्हणाली. "दिर्कला काही झालेलं नाही. चित्रासाठी मांडलं होतं."

मग नेलने शेजारच्या खुंटीवरचा ओला टॉवेल काढून रुलोफच्या अंगावर फेकला.

"मेल्या रंगवाल्या! माझे डोळे सुजले रडून, ते भरून देणारेस का? आणि तू ग ट्रिन, तोंड नव्हतं का तुला?"

एक बाई हसायला लागली, मग दुसरी. कॉर मात्र गंभीरपणे म्हणाला, "वाटेत दोन घरी सांगून आलोय मी. आता परत जाऊन काय सांगू, उठून बसला म्हणून?"

"आईंना?" ट्रिनने विचारलं. "आईंना कुणी सांगितलं का?"

हसणं थांबलं. एकजण टेकड्यांकडे मघाशीच धावत गेली होती.

ट्रिन शालीसकट पळत सुटली. वाळूत पाय रुतत होते. टेकडीच्या उतारावर जाळी पसरलेली होती आणि बायका त्यांच्या कडेला गप्प उभ्या होत्या. मधोमध मार्ता बसली होती. हातातली लाकडी सुई तशीच होती. ती रडत नव्हती.

ट्रिन तिच्यापुढे गुडघ्यांवर बसली.

"आई, दिर्क आहे. खोटं होतं सगळं. तो चित्रकार... मी त्याला मांडू दिलं. माझी चूक आहे, आई."

मार्ताने तिच्याकडे बघितलं. मग म्हणाली, "माझी शाल वाळूत भरतेय. नीट घे."

एवढंच. त्यानंतर त्या दुपारचा विषय तिने काढला नाही. ट्रिनला वाटे, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. ती सासूच्या ताटात जास्त लोणी वाढू लागली. मार्ता ते खाई.

दोन आठवड्यांनी होड्या आल्या. दिर्क धडधाकट उतरला. किनाऱ्यावरच त्याला गोष्ट कळली आणि तो चारचौघांत पोट धरून हसला. घरी येऊन हसला नाही. पायाने खुर्ची सरकवून बसला आणि म्हणाला, "म्हणजे माझ्या मरणाची तालीम झाली." ट्रिन शेगडीशी पाठ करून उभी होती. तिचे खांदे वर आले होते.

वसंतात चित्र शहरात प्रदर्शनाला जायचं होतं. पेटीत घालण्याआधी रुलोफने ते खानावळीत मांडलं आणि गावाला बोलावलं. रविवारची प्रार्थना संपल्यावर सगळे आले. पाद्रीबुवांनी हातातल्या काठीने एकेक वस्तू दाखवून तिचा अर्थ सांगितला. लंबक, मेणबत्ती, जोडे. लोकांनी माना हलवल्या.

"आणि हा चेहरा," ते म्हणाले, "हे दुःख."

"ते माझ्या मिठीतलं आहे," नेल म्हणाली. "मी नसते तर याला जमलं नसतं."

दिर्कने ट्रिनच्या पाठीत थाप मारली. "मी मेल्यावर शोभून दिसतेस ग!"

लोक हसले. ट्रिनने चित्राकडे एकदाच पाहिलं आणि मग तिला वर बघवेना. तिला खात्री होती की कुणाला तरी दिसेल. कुणालाही दिसत नव्हतं. मार्ता मात्र चित्रासमोरून हलत नव्हती. पाठीमागचे लोक कंटाळून बाजूने पुढे गेले.

घरी परतताना दोघीच होत्या. दिर्क खानावळीत पीत थांबला होता. वारा समोरून येत होता म्हणून त्या हळू चालत होत्या.

"पाद्रीबुवांनी घड्याळाचं सांगितलं, मेणबत्तीचं सांगितलं," मार्ता म्हणाली. "तोंडाचं चुकीचं सांगितलं."

ट्रिन थांबली. "आई, मी..."

"चाल. थांबू नकोस, वारा आहे."

त्या चालू लागल्या.

"दिर्कचा बाप बुडाला तेव्हा बातमी खरी होती," मार्ता म्हणाली. "मी भिंतीकडे तोंड करून बसले. तीन दिवस. बायका म्हणाल्या, केवढं दुःख. तोंड कुणी बघितलं नाही."

ट्रिनने तिचा हात धरला नाही, आणि मार्तानेही पुढे केला नाही.

दिर्क खानावळीतून परतला तेव्हा मार्ता नेहमीसारखी आपल्या खोलीत गेली नव्हती. ती विणकाम घेऊन टेबलापाशी, ट्रिन आणि दिर्क यांच्या मधल्या खुर्चीवर बसली होती.

"झोपायचं नाही का, आई?"

"मोजा पुरा करते," ती म्हणाली. "तू झोप."

तो झोपेपर्यंत ती विणत राहिली. दुसऱ्या दिवशीही. नंतर तेच ठरून गेलं.

चित्र एका धान्यव्यापाऱ्याच्या जेवणाच्या खोलीत गेलं. रुलोफला त्या चित्राने नाव मिळालं. पुढे त्याने पुष्कळ विधवा रंगवल्या, पण जाणकार म्हणत की पहिलीची सर कुणाला नाही. कॉर म्हातारपणी हिवाळ्यात गेला. त्याची बातमी दारोदार सांगायला कुणी नव्हतं, त्यामुळे कित्येकांना ती रविवारी कळली. नेलने त्या मिठीची गोष्ट नातवंडांना इतक्यांदा सांगितली, की शेवटी तिच्या गोष्टीत चित्रकार उरलाच नाही. मार्ता आणखी नऊ वर्षं जगली. ती गेली तेव्हा दिर्कचं गुडघ्यांचं दुखणं वाढलं होतं आणि चढा आवाजही खाली आला होता.

दिर्क समुद्रात बुडाला नाही. घरातच, तापाने गेला. ट्रिन इतकी रडली की बायकांना तिला धरून बसवावं लागलं. आपण का रडतोय, ते तिचं तिलाही उमगलं नाही. नेल, तेव्हा पार वाकलेली, तिचे डोळे पुसत म्हणाली, "चित्रात किती छान रडली होतीस ग. अशी नव्हतीस विद्रूप झाली."

"तेव्हा तरुण होते," ट्रिन म्हणाली, आणि तोंड तसंच, सगळ्यांना दिसेल असं, समोर ठेवून बसली.