एवढीशी टोपली

आमच्या गल्लीत मूल धांदरट निघालं की आया सुटकेचा निःश्वास टाकायच्या. गल्लीच्या टोकाला गालिच्यांचा कारखाना होता, आणि तिथला मुकादम बारीक गाठी मारणारी चिमुकली बोटं हेरत हिंडायचा. त्याला नाही म्हणण्याची कुणाची छाती नव्हती. सगळ्यांच्या चुली त्याच्याच जिवावर पेटायच्या.

ठोंबीची आई लहानपणापासून तिथेच झिजली. तिची बोटं आकड्यासारखी वळली होती. खुंटीला हात लावला तर बाई तिथेच टांगून राहील, असं शेजारीण म्हणायची. पण पाच वर्षांच्या लेकीला बटणसुद्धा लावता येत नाही, म्हणून माउली निर्धास्त होती.

मग बालवाडीत नव्या बाई आल्या. त्यांनी पोरांना माती मळायला लावली, बिया ओवायला दिल्या, गवताच्या वेण्या घालायला शिकवलं. ठोंबीने बरेच दिवस नुसता चिखल केला. आणि एके दिवशी तिने गवताची अशी इवलीशी टोपली विणली की एका मुंगीने तिच्यात आपली अंडी आणून ठेवली. खोटं वाटत असेल तर मुंगीला विचारा.

आई धावतच बालवाडीत गेली. "बाई, तिला नका शिकवू."

"अहो, स्वतःचं बटण तरी लावता यायला हवं ना?"

"बटणं मी लावीन. मरेपर्यंत लावीन."

बाई हसल्या. त्यांना गल्ली नवी होती. टोपली त्यांनी केव्हाच रस्त्याकडच्या खिडकीत मांडली होती.

आईने घरी येऊन लेकीला खेळ शिकवला. "पाहुणे आले की हातात येईल ते पाडायचं. ते उठेपर्यंत. जमेल?"

"त्यात काय," ठोंबी म्हणाली.

संध्याकाळी मुकादम आला. खिशातून टोपली काढून म्हणाला, "हे हिने विणलं?"

"हिने? हिला स्वतःचं नाक सापडत नाही, दादा."

मुकादमाने लोकरीचा गुंता तिच्या हातात दिला. ठोंबीने तो पाडला. सुई दिली, ती पाडली. पाण्याचा पेला त्याच्याच पायावर पाडला आणि खुदकन हसली. आईचा जीव हळूहळू भांड्यात पडला.

"अगदीच मातीचा गोळा आहे," म्हणत मुकादम उठला.

त्याच्या कोटाचं खालचं बटण उघडंच होतं. ठोंबीने आईकडे पाहिलं. पाहुणे उठले होते, खेळ संपला होता. तिने पुढे होऊन दोन बोटांच्या चिमटीत ते बटण धरलं आणि अलगद काजात सरकवलं, बाईंनी शिकवलं होतं तसं.

मुकादमाने त्या बटणाकडे पाहिलं, मग तिच्या बोटांकडे.

"सकाळी पाठव," एवढंच म्हणाला आणि गेला.

"आई, मी खेळात एकदाही चुकले नाही ना?"

"नाही गं." आईने लेकीचे हात हातात घ्यायला आपले हात पुढे केले. बोटं काही केल्या उघडेनात. शेवटी ठोंबीनेच ती एकेक करून सोडवली.