डोहातली सरकारी बोट

नहरीच्या ऑफिसच्या गेटवर ती निळी बोट मांडून ठेवली आहे ना, आत झेंडूची रोपं लावलेली, तिच्याजवळून जाताना मी दरवेळी थुंकते. चौकीदार ओरडते, "ताराबाई, फुलं आहेत तिथी!" असू दे ना फुलं. मले त्या फुलांचीही किळस येते.

सहा वर्षं झाली असतील. ट्रकवर निजवून ती बोट आमच्या गावच्या नहरीवर आली. गडचांदूरकडं कुठी बनवली म्हणे. सगळी स्टीलची, समोर लोखंडी दात्यांचा पंजा, मागं इंजिन. नहरीतली जलपर्णी आन बेशरमाची झुडपं उपटून काढणार होती. नारळ फुटला, हार चढला, ऑफिसच्या साहेबानं बोटीत उभं राहून फोटो काढला. आमी ढिवर, मासे धरणारे, जलमभर पाण्यात, म्हणून माह्या नवऱ्याले, बाबुलालले, त्या बोटीवर खलाशी ठेवलं. बुढ्यानं त्या दिवशी नवं धोतर नेसलं होतं.

पहिल्याच दिवशी बोट पुलाले जाऊन थडकली. पूल ठेंगणा, बोट उंच. मागं पलटवली, तर तिकडचाही पूल ठेंगणा. दोन पुलांच्या मधात दोन किलोमीटर, झालं! एवढे इंजिनिअर, एवढे शिकलेले, पण एका माणसानं पुलाले टेप लावला नव्हता. बावीस किलोमीटर नहर घाणीनं बुजलेली, आन हे दोन किलोमीटर चकाचक. सकाळी उठून एकच भांडं घासत बसावं तसा आमचा बुढा तेवढंच पाणी साफ करत राह्यला.

दुसऱ्या वर्षी साहेबानं इंजिन काढून नेलं. रिपेरिंगले म्हणे. कसली रिपेरिंग न् कसलं काय! साहेबाच्या फार्महाऊसवर नाल्यातून आंब्याले पाणी ओढून राह्यलं ते इंजिन, आजही. गावातलं शेंबडं पोट्टंही सांगन. जाताना साहेब बुढ्याले दम देऊन गेला, "बाबुलाल, बोट सरकारी आहे. एक नट जरी गेला, तर तुह्या मानेवर." मंग त्याची बदली झाली आन बोट आमच्या गळ्यात पडली.

उन्हाळ्यात नहरीचं पाणी तुटलं. बोट गाळात कलंडून पडली. भंगारवाले मोटारसायकलवर येऊन तिले हात लावून लावून पाहून जात. बुढ्याचं जेवणातलं लक्ष उडालं. चार घास खाल्ले की चालला नहरीवर. एक दिवस घरी येऊन म्हणे, "डोंग्यासारखं करू."

आता हे आमच्यातलं आहे, तुमाले सांगतलं पाहिजे. आमी ढिवर उन्हाळ्यात डोंगा, म्हणजे आमची लाकडाची नाव, काठावर ठेवत नाई. ऊन लागलं की लाकूड चिरते. म्हणून डोंगा डोहात न्यायचा, दगड भरायचे आन बुडवून टाकायचा. पाण्याखाली लाकूड गार राह्यते, चोराच्या नजरेलाही पडत नाई. मिरीग लागला, पाऊस आला की दगड काढायचे, डोंगा आपसूक वर येते. बापजाद्यांपासून असंच चालत आलं.

मी म्हटलं, "अवो, ते लोखंड आहे, लाकूड नोहे!"

"डोंगा तो डोंगा," म्हणे.

आन मी काय केलं? हसली. पदर खोचला आन दगड मीच उचलून देल्ले. खालच्या पुलाजवळ नहर खचून मोठा डोह पडला आहे, तिथी बारमाही पाणी. बैल जुंपून बोट तिथवर ओढत नेली. बुडबुड करत गेली खाली. बुढा हात झटकत म्हणे, "आता इले कोणी हात लावत नाई." केवढं समाधान त्याच्या तोंडावर!

तीन वर्षं कोणाले त्या बोटीची याद आली नाई. बुढ्यानं दोनदा ऑफिसात जाऊन सांगतलं, बोट काढायले माणसं द्या म्हणून. "पाहू," म्हणत. मागच्या दिवाळीच्या आधी नवा साहेब आला. त्यानं रजिस्टर उघडलं. रजिस्टरात बोट होती, नहरीवर नव्हती.

बुढ्याले बोलावलं, फरशीवर बसवलं. मी दारात उभी.

"बोट कोणाले विकली?"

"डोहात आहे साहेब. मीच बुडवून ठेवली, सांभाळायले."

सगळे खदाखदा हसले. ऑफिसचा कारकून म्हणे, "स्टीलची बोट पाण्यात बुडवून सांभाळते का बे कोणी? उल्लू बनवून राह्यला का?" साठीले आलेला माणूस तो, त्याले 'बे'! साहेब हसला नाई, त्यानं सरळ सांगतलं, "सोमवारपर्यंत बोट दाखव. नाई तर चोरीची केस. पाहिजे तर मी नहर पाच दिवस बंद करतो, डोह उपसून पाहू."

हे गावात पोचलं आन मुखरूभाऊ धावत आला. नहरीच्या पार शेवटाले त्याच्या धानाच्या बांध्या. हात जोडून म्हणे, "बाबुलालभाऊ, धान दुधावर आहे. आता पाच दिवस पाणी तोडलं तर सगळं पोचट होते. माहंच नाई, साऱ्या गावाचं."

बुढा म्हणे, "पाणी तोडू देत नाई. मी उतरतो."

मी भांडली, रडली, शिव्या देल्ल्या. नहर भरून वाहत होती, आन डोहाच्या पुढंच पुलाखालचा पाइप माणसाले ओढून घेते. म्हणे, "मंग काय चोर म्हणून जगू?"

सोमवारी सारा गाव काठावर. साहेब जीपमधी. बुढ्यानं दोर कमरेले बांधला आन बुडी मारली. वर आला, हाती काहीच नाई. दुसऱ्यांदा गेला, खोकत आला. तिसऱ्यांदा इतका वेळ लागला की मी मोठ्यानं ओरडली. आला तेव्हा नाकातून रक्त. कमरेचा दोर सोडून त्याचं टोक बोटीच्या कडीले बांधून आला होता.

चार बैलजोड्या लावल्या. पोरंसोरंही झोंबली दोराले. बोट वर आली तर, शी! बुडाची चाळणी झालेली. आत काळा गाळ आन सडलेली जलपर्णी. जी घाण काढायले आणली, तीच पोटात भरून बसली होती. वास असा की बैलांनी तोंड फिरवलं. पण आमचा बुढा कुडकुडत हसून राह्यला होता. "पायलं का साहेब? पायलं का सगळ्याईनं? मी चोर नाई!"

साहेबानं नाकाले रुमाल लावला, रजिस्टरावर बोट फिरवलं आन म्हणे, "इंजिन कुठी आहे?"

माह्या डोक्यात जाळ झाला. मी साऱ्या गावासमोर सांगतलं, कोणत्या साहेबानं नेलं, कोणत्या फार्महाऊसवर, कोणत्या आंब्याच्या झाडाखाली. लोक दोर गुंडाळायले लागले. मुखरूभाऊही खाली पाहून राह्यला. आताच ज्याच्या धानासाठी बुढा पाण्यात उतरला, तो मुखरू!

साहेबानं आमाले बाजूले नेलं, हळूच म्हणे, "बाई, ते साहेब आता माझ्या वरच्या खुर्चीत आहेत. नाव काढू नका. मी लिहून देतो: इंजिन यांच्या हलगर्जीपणानं पाण्यात वाहून गेलं. अंगठा लावा, विषय संपला. नाई तर आज यांना ठाण्यात न्यावं लागेल."

बुढा म्हणे, "मी नाई लावत. इंजिन मी पाण्यात घातलंच नाई."

ओला, थंडीनं निळा पडलेला, नाकाखाली रक्त वाळलेलं. याले ठाण्यात नेलं तर परत येईन का, एवढंच माह्या मनात आलं. मी त्याचा हात धरला. अंगठा शाईच्या डब्बीत दाबला आन कागदावर टेकवला. मी, त्याची बायको. त्यानं हात सोडवला नाई. मले वाटलं होतं, सोडवन.

मंग बोटीले भोकांवर पत्रे ठोकले, निळा रंग देल्ला, झेंडू लावला, आन गेटवर ठेवली. लोक तिच्यासमोर उभे राहून फोटो काढतात. मी थुंकते. लोकाईले वाटते बोटीवर थुंकते. मीही तसंच सांगते, माह्या हाताचं सांगत नाई.

या उन्हाळ्यात साऱ्या ढिवरांनी आपापले डोंगे डोहात बुडवले. आमचा तेवढा काठावर, उन्हात. आठ दिवस पाहिलं, मंग मी म्हटलं, "अवो, चिरून राह्यला ना तो. बुडवत काऊन नाई?"

बुढा जाळं विणत होता. वर न पाहता म्हणे, "मंग कोणी विचारलं, डोंगा कुठी आहे, तर काय दाखवू?"

मी दगड गोळा केले होते, ते तिथंच पडले आहेत. परवा दुपारी डोंगा बुडापासून टोकापर्यंत फाटला. त्याचा आवाज मले चुलीपाशी आला.