भरली वांगी

धान घरात आलं की सगळ्या चुलतभावंडांनी एकदा गावात जमायचं, असं प्रफुलनं ठरवलं होतं. सिंदेवाहीकडच्या त्या गावात आता त्याचे वडील मुखरूभाऊ, आई नीलाबाई, विधवा काकू मनकर्णा आणि तिची पोरगी पिंकी, एवढेच राहिले होते. बाकीचे नागपूर, वरोरा, अहेरी असे पांगलेले. प्रत्येक घरानं एक पदार्थ आणायचा, पण शाकाहारी. प्रफुल लहानपणी मलेरियाच्या तापात बेशुद्ध पडला, तेव्हा मुखरूभाऊंनी नवस बोलून मासमच्छी सोडली होती. पोरगा उठून बसला, आणि म्हाताऱ्यानं पुढं अंडंसुद्धा तोंडात घातलं नाही.

मुखरूभाऊंचा पुतण्या रोशन आणि त्याची बायको पुनम वरोऱ्याहून भरली वांगी घेऊन आले. पुनम शाळेत शिकवायची आणि घरात तिच्या शब्दाला मान होता. आल्या आल्या तिनं डबा उघडून सगळ्यांना दाखवला. मनकर्णानंही वांगीच केली होती, वालाचे दाणे घालून. ती आठवडी बाजारात सुकट-झिंगे विकायची. आज मात्र तिनं डोक्यावरून आंघोळ केली होती आणि नवा गंज, कोरं पातेलं, काढून त्यात भाजी शिजवली होती. दोन्ही वांगी शेजारी शेजारी ठेवली गेली.

अंगणात पंगत बसली. पुनम स्वतः वाढत होती. मुखरूभाऊंच्या पानात तिनं दोन वांगी घातली, शेजारी मनकर्णाची भाजी वाढली, आणि पुढं सरकताना चमच्यावरून ओघळलेला रस्सा सहज बोटानं चाटला.

तिच्या लगेच लक्षात आलं. भाजलेल्या तिळाच्या कुटाची बरणी आणि झिंग्याच्या पुडीची बरणी तिच्या ओट्यावर शेजारीच असायच्या. सकाळी निघायच्या घाईत तिनं दुसरीच उचलली होती.

मुखरूभाऊ अजून भात कालवत होते. "मोठेबाबा, थांबा" एवढं म्हणायला वेळ होता. पण चारी बाजूंनी माणसं बसली होती, अहेरीची जाऊ मोबाइलवर फोटो काढत होती, आणि पुनमला वाटलं, थोडीशीच पूड आहे, कदाचित कळणार नाही. ती पुढच्या पानाकडं वळली.

मुखरूभाऊंनी दोन घास खाल्ले. तिसरा हातातच राहिला.

"यात झिंगे होय का?" त्यांनी हळूच विचारलं.

पानात दोन्ही रस्से एकमेकांत मिसळले होते. कोणी चाखून पाहायच्या आधीच नीलाबाईंची नजर मनकर्णाकडं गेली, आणि मग सगळ्यांचीच.

"मनकर्णा, तुले म्हटलं होतं ना," नीलाबाई म्हणाल्या. "आजच्या दिवस तरी ध्यान द्याचं. तुह्या हाताले तो वास रायतेच."

"बाई, मी नवा गंज घेतला जी," मनकर्णा म्हणाली. "झिंग्याले मी कालपासून हात नाई लावला."

"मंग आले कुठून? बाकी कोण विकते इथी?"

कोणीतरी हसलं. मनकर्णानं आपला गंज उचलला, पिंकीला पानावरून उठवलं आणि दोघी निघून गेल्या. पुनम हातात चमचा घेऊन उभी होती. रोशननं तिच्याकडं पाहिलं तेव्हा तिनं नजर दुसरीकडं वळवली.

मुखरूभाऊ पानावरून उठून मागच्या परसात चूळ भरत होते. पुनम त्यांच्या मागं गेली.

"मोठेबाबा, ते माझ्याच भाजीत होतं. चुकून झालं. मले माफ करा."

त्यांनी तोंड पुसलं. "तुले कधी समजलं?"

ती म्हणाली, "तुमी घास घ्याच्या आधी."

म्हाताऱ्यानं तांब्या खाली ठेवला. "माहं मी देवाले सांगीन," ते म्हणाले. "पण मनकर्णाले बोलत होते तवा तू तिथीच उभी होती."

एवढंच बोलून ते खाटेवर जाऊन बसले.

मनकर्णाचं घर गल्लीच्या टोकाला होतं. पुनम गेली तेव्हा मायलेकी चुलीजवळ बसून तीच भाजी भाताबरोबर खात होत्या. मनकर्णा लगबगीनं उठली, पाट पुढं केला.

"काकू, ते झिंगे माझ्या वांग्यात होते."

"मले वाटलं खरंच असन," मनकर्णा म्हणाली. "घरी येऊन साबणानं हात धुतले. दोनदा हुंगून पायले."

पुनमला खाली बघावं लागलं.

"तिथी काऊन नाई सांगितलं?" पिंकीनं विचारलं. मनकर्णानं तिला गप्प केलं नाही.

"चला काकू, आता सगळ्यांसमोर सांगते."

"तू सांग. मी नाई येत. आज नाई."

पुनम परत आली तेव्हा अंगणात चहा चालला होता. उभ्याउभ्यानं, आवाज चोरत तिनं सांगितलं. आता आपल्याला बोल लागतील, म्हणून ती मन घट्ट करून उभी होती.

"अव्वा, जाऊ दे ना," नीलाबाई म्हणाल्या. "नोकरीवाली बाई, सकाळची घाई. होते असं."

"आमच्याकडं तर एकदा खिरीत मीठ पडलं होतं," अहेरीची जाऊ म्हणाली, आणि सगळे हसले. कोणीतरी पुनमच्या हातात चहाचा कप दिला. मनकर्णाचं नाव कोणी काढलं नाही.

पुनमला वाटलं, कोणीतरी ओरडायला हवं होतं. निदान तेवढं, जेवढं मनकर्णाला ओरडले. कप तिच्या हातातच थंड झाला.

"काकूंना कोणी काही म्हणणार नाही का?" ती म्हणाली. आवाज तिच्या स्वतःच्याच कानाला खोटा वाटला.

हसणं थांबलं. नीलाबाई पदरानं हात पुसत राहिल्या. मुखरूभाऊ खाटेवरून उठले, चपला घातल्या आणि गल्लीकडं चालू लागले. फाटकाशी थांबून त्यांनी मागं वळून नीलाबाईंकडं पाहिलं. त्या थोडा वेळ जागीच राहिल्या, मग निघाल्या.

पुनमला कोणी चल म्हटलं नाही. दोघं म्हातारी माणसं गल्लीच्या टोकाला जाईपर्यंत ती फाटकात उभी राहिली. मग आत येऊन तिनं उरलेली वांगी परसातल्या खड्ड्यात ओतली.