मधली वाटी

"तोही काढ," नरहरी म्हणाला.

रूपेशने घड्याळ, अंगठी, कडं, पट्ट्याचं बक्कल, चांदीची साखळी, सगळं मुकाट्याने काढलं होतं. मोबाइल गेटवरच जमा झाला होता. उरला होता काळ्या दोऱ्यातला तांब्याचा ताईत, आणि त्यावर त्याने हात ठेवला होता.

"ताईत नाय, काका. आयनं बांदलाय."

बोईसरच्या एमआयडीसीतल्या त्या रंगाच्या कारखान्यात टाकी साफ करायला उतरणाऱ्या प्रत्येकाकडून नरहरी असं सगळं काढून घ्यायचा. धातू घासला की ठिणगी पडते, आणि टाकीत ठिणगीला माफी नसते. मग माणूस आत उतरायचा आणि नरहरी दोराचं टोक धरून टाकीच्या तोंडाशी उभा राहायचा. एवढीच त्याची नोकरी. केळव्याच्या घरी पाहुण्यांनी विचारलं की त्याची बायको जयवंती "सेफ्टीत आहेत" म्हणून विषय बदलायची. तिनेच टाकून दिलेला मसाल्याचा डबा त्याने कामावर आणला होता. सात वाट्यांपैकी सहांत उतरणाऱ्याच्या वस्तू जायच्या. परत मिळताना त्यांना हळदीचा वास यायचा, आणि पोरं त्यावरून त्याची टर उडवायची.

मधल्या वाटीत मात्र त्याच्या जुन्या सोबत्याची, भाग्येशची अंगठी होती. अकरा वर्षांपूर्वी, दुसऱ्या एका कंपनीत, टाकीत बेशुद्ध पडलेल्या हेल्परला काढायला भाग्येश धावला. सवयीने अंगठी काढून नरहरीच्या हातात दिली आणि दोर न बांधताच उतरला. नरहरीचाही एक पाय आत गेला होता. मग त्याने तो बाहेर घेतला आणि ओरडत मदतीला धावला. मदत आली तोवर दोघंही गेले होते. दिवसकार्याला तो दातिवऱ्याला अंगठी द्यायला गेला, तेव्हा भाग्येशच्या बायकोने, वत्सलाने ती घेतली नाही. "तू वर उभा होतास," एवढंच म्हणाली. ते चार शब्द अकरा वर्षं नरहरीच्या मानेवर बसले होते.

मागच्या आठवड्यात जेवताना त्याच्या मुलीने, किंजलने, कॉलेजच्या अभ्यासातली एक फार जुनी, परदेशातली गोष्ट सांगितली. एक राणी पाताळात उतरते. वाटेत सात दरवाजे, आणि प्रत्येक दरवाजावर पहारेकरी तिचं एकेक काढून घेतो. मुकुट, हार, कंकण, शेवटी अंगावरचं वस्त्रही. मॅडम म्हणाल्या होत्या, मोह वर ठेवल्याशिवाय खाली जाता येत नाही. नरहरी म्हणाला, मोहाचं मला माहीत नाही, ठिणगी पडते हे खरं. मग घास हातात धरून त्याने विचारलं, "वर कोण उभं होतं?" किंजल चिडली. ही गोष्ट आहे, टाकीत उतरायचं परमिट नाही, म्हणाली. खरं तर पुढचं तिने वाचलंच नव्हतं.

"दे," नरहरी आता रूपेशला म्हणाला. "डब्यात नाय टाकत. मुठीत धरून बसतो."

रूपेशने ताईत दिला. जेवलास का, हा नरहरीचा नेहमीचा शेवटचा प्रश्न. त्याला "हो" म्हणून रूपेशने दोर बांधला, मास्क लावला आणि तो उतरला.

दोराला वरून एक हिसका म्हणजे ठीक आहेस ना, आणि खालून एक हिसका म्हणजे ठीक आहे. दर दोन मिनिटांनी हे चालू होतं. नवव्या वेळी खालून काहीच आलं नाही. नरहरीने पुन्हा ओढलं. दोर जड लागला.

त्याचा पाय आपसूक टाकीच्या काठावर गेला. क्षणभर त्याला खरोखर वाटलं, उतरावं आणि अकरा वर्षांचं काय ते एकदाचं मिटवून टाकावं. मग त्याने पाय मागे घेतला, शिट्टी फुंकली आणि टाकीवरच्या तिवईला लावलेल्या दोराच्या चाकाचं हँडल उजव्या हाताने फिरवायला घेतलं. शिट्टी ऐकून दोघं कामगार धावत आले. रूपेश वर आला तेव्हा त्याची मान लटकत होती, पण मास्कच्या काचेवर वाफ धरत होती आणि विरत होती. ती बघून नरहरी तिथेच खाली बसला.

साखरपाणी पोटात गेल्यावर रूपेश बोलू लागला. आईच्या नवसाचा उपवास होता, आणि सांगितलं असतं तर काकांनी उतरू दिलं नसतं. डॉक्टर म्हणाले, रिकामं पोट आणि टाकीतली गरमी, दुसरं काही नाही. नरहरीने त्याला यथेच्छ शिव्या दिल्या. इतक्या मायेने त्याने आजवर कुणाला शिव्या दिल्या नव्हत्या.

रूपेशने ताईत मागितला तेव्हा नरहरीला डावी मूठ उघडता येईना. एकेक बोट सोडवावं लागलं. तळहातावर ताईताची खूण उमटली होती.

संध्याकाळी त्याने किंजलला पुन्हा तेच विचारलं. आता तिने पुढचं वाचलं होतं.

"वर तिची दासी होती, पप्पा. राणी सांगून गेलेली, मी नाय आले तर मदत माग."

"ती आत नाय गेली?"

"ती पण गेली असती तर मदत कोणी आणली असती?"

नरहरी उठून मागच्या वाडीत गेला आणि सुपारीच्या झाडांत उभा राहून रडला. रडून त्याला बरं वाटलं.

रविवारी तो दातिवऱ्याला गेला. वत्सलाला त्याने रूपेशचं सगळं सांगितलं आणि अंगठी तिच्यासमोर ठेवली. तिने ती उचलून पदराला पुसली.

"तू वर होतास, म्हणून ही तरी वर रायली," ती म्हणाली, आणि तिने ती अंगठ्यात घातली.

पुढच्या आठवड्यात रूपेश पुन्हा टाकीशी आला. पोटभर भात खाऊन आलोय, हे त्याने न विचारताच सांगितलं. मग त्याने ताईत काढला, आणि मधली वाटी रिकामी दिसली तसा तिच्यात ठेवला.